गेरूची रेघ

‘काका, तुमची गाठ बघायचीय का तुम्हाला?’ लॅबच्या डॉक्टर ज्ञानेश्वरी मॅडमनी विचारलं आणि मी हो म्हणालो. मी सहसा कशालाच पटकन हो म्हणत नाही. चहा घेणार का विचारलं तरी आधी बायकोकडे, मालनकडे बघतो. पण मालन बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि मॅडमच्या टेबलावर दोन माणसांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप होता, आणि त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. मी चष्मा काढला, परत लावला, ‘काढा, काढा’ म्हटल्यावर पुन्हा काढला. आधी नुसत्या माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेड झाला आणि त्या उजेडात बोगनवेलीखाली पडतो तसा गुलाबी-जांभळा सडा दिसला. ‘ह्या मोहरीसारख्या बारीक काळ्या आहेत ना, त्या तुमच्या नेहमीच्या पेशी,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता ह्या मोठ्या बघा.’ एक छोटा हिरवा बाण सड्यावरून सरकत गेला. मोठ्या पेशी विस्कटलेल्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही, आणि एकीच्या पोटात घोड्याच्या नालासारखा वाकडा गाभा होता. ‘हा नाल दिसला की आम्ही सावध होतो.’ मला तो नाल आवडला. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. जी वस्तू जांघेतून कापून काढावी लागली, जिच्यामुळे घरात गेले काही दिवस कुणी धड जेवलं नव्हतं, ती बघून माणसाला भीती वाटायला हवी. मला वाटलं, अजून थोडा वेळ बघू द्यावं.

सुरुवातीला मी त्याला अवधाण समजलो होतो. पायाला काही लागलं की जांघेत गाठ फुगते, अवधाण येतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. जखम बरी झाली की तेही उतरतं. म्हणून मी दोन्ही पाय धुऊन, उन्हात बसून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत जखम शोधली. कुठंच नव्हती. जखमेशिवाय आलेलं अवधाण बघून मालननं मला डॉक्टरकडे नेलं, तिथून सोनोग्राफी, तिथून सर्जन, आणि तिथून ही वडी. हो, वडीच. मॅडमनी दाखवली. मेणाच्या छोट्या वडीत माझ्या गाठीचा तुकडा बसवलेला होता आणि तिचे कागदाहून पातळ काप काढून ते काचांवर चिकटवले होते. हा टी पेशींचा लिम्फोमा आहे, दुर्मीळ आहे, इथवर ठरलं होतं. सगळ्या अंगाचा स्कॅन झाला होता आणि त्या एका जागेखेरीज कुठंही काही नव्हतं. सोमवारी नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे केमो सुरू व्हायची होती. पण मॅडमनी शनिवारी सकाळी स्वतः फोन करून ‘एकदा समक्ष येऊन जा’ म्हटलं होतं, कारण त्यांच्या रिपोर्टात पोटप्रकाराची जागा अजून रिकामी होती.

‘प्रत्येक काच म्हणजे एक प्रश्न असतो काका,’ त्या म्हणाल्या. त्या मिरजगावच्या आहेत, माझ्या मुलीहून लहान असतील, आणि समजावून सांगताना त्या टेबलावर बोटानं रेघा ओढतात. टी पेशी आहेस का? हो. तीस नंबरची खूण आहे का? ही बघा, सगळी काच काताच्या रंगाची झाली, म्हणजे आहे. मग ए-एल-के नावाचं प्रथिन? नाही. ते बहुतेक तरुणांत असतं. ‘इथं रस्ता फुटतो. ह्याच पेशी, हाच नाल, हाच रंग, पण आजार दोन. एक आत, गाठीत सुरू होतो. तो दांडगा, त्याला दांडगीच केमो. दुसरा कातडीत सुरू होतो. कातडीवर उठतो, बसतो, वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि कधीतरी जवळच्या गाठीत उतरतो. तो बराच मवाळ. त्याला आठवड्याची हलकी गोळी, नाहीतर तेवढ्या जागेपुरता किरणांचा शेक.’

‘मग काचेवर फरक कसा कळतो?’ मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘काचेवर नाही कळत. ते पेशंट सांगतो.’ त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. ‘म्हणून तर बोलावलं. अंगावर कधी काही उठलं होतं? फोड, पुळी, चट्टा? येऊन आपोआप गेलेलं असेल तरी सांगा.’

‘नाही,’ मी म्हणालो.

हे नाही मी कसं म्हणालो याचा विचार मी रिक्षा भिंगारच्या नाक्यापाशी येईपर्यंत करत होतो. ते तोंडातून आलं तेव्हा त्याला खोटं बोलण्याची चवसुद्धा नव्हती. दारावरच्या माणसाला आपण घरात आहोत की नाही हे न बघताच कुणी तरी ‘नाहीत’ सांगतं, तसं ते होतं. मालन म्हणाली, ‘काय म्हणाल्या?’

‘गाठ दाखवली.’

‘तुम्हाला? आणि तुम्ही बघितली?’

‘बघितली.’

‘कशी होती?’

मी विचार करून म्हणालो, ‘चांगली होती.’

‘चांगली होती म्हणे! मुलगी बघून आल्यासारखं बोलताय.’ रिक्षावाला हसला. मालनही हसली, आणि मग तिनं पदर तोंडाला लावून बाहेर बघितलं. ती मागचे काही दिवस अशीच आधी हसते.

भिंगारमध्ये मी जन्मभर लष्कराच्या एका भांडारात सिव्हिलियन स्टोअरकीपर होतो. रणगाड्यांचे सुटे भाग. लोकांना वाटतं तिथं तोफा असतात. माझ्याकडे नटबोल्ट होते. रणगाडे मोडीत निघाले की त्यांचे भाग सुटे होऊन यायचे आणि ते ओळखून आपापल्या कप्प्यात टाकायचे, एवढंच माझं काम. विलायती गाड्यांचे आटे इंचाच्या हिशेबाचे, रशियन गाड्यांचे मिलिमीटरचे. दोन बोल्ट शेजारी ठेवले तर आईलासुद्धा ओळखू येऊ नयेत असे सारखे. चुकीचा बोल्ट चुकीच्या भोकात घातला तर पहिले दोन आटे गोड बसतात. तिसऱ्याला अडतो. आणि तिथंच फसगत होते, कारण दोन आटे बसलेल्या माणसाला वाटतं जरा जोर लावला की जाईल. जातोही, पण मग दोन्हीकडचे आटे मरतात. म्हणून माझा नियम होता की भाग दिसतो कसा हे शेवटी बघायचं, आधी तो कुठल्या गाडीवरून उतरला ते बघायचं. प्रत्येक भागाला तारेनं बांधलेला, गाडीचं नाव कोरलेला पत्र्याचा बिल्ला असायचा. बिल्ला गळाला असेल तर उतरवणाऱ्या फिटरला जाऊन विचारायचं. बिभीषण नावाचा फिटर होता, तो मला दुरून येताना बघूनच ओरडायचा, ‘आले गहिनीनाथ भाऊसाहेब! बोल्टाला गोत्र विचारायला आले. अहो भाऊसाहेब, बसला की झालं, लगीन लावायचंय का त्याचं?’ सगळे हसायचे. मी पण हसायचो आणि तिथंच उभा राहायचो, उत्तर मिळेपर्यंत. एवढी एकच गोष्ट मला चिकाटीनं जमली. बाकी मला कशाचीच खात्री नसते. घराला कुलूप लावून मी दोनदा परत येतो. वाचलेलं सांगताना वाटतं, आपण चुकीचं तर वाचलं नाही ना. आणि आज एक बाई माझ्याकडे बिल्ला मागत होती, तर मी नाही म्हणालो होतो.

दुपारी मालन झोपल्यावर मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि उजवी मांडी बघितली. मांडीच्या आतल्या बाजूला, कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नयेत असे फिकट गोल डाग होते. देवीची लस टोचल्याचा व्रण असतो तसे, पण लहान. ते मला माहीत होते. माहीत असणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तीनेक वर्षांपूर्वी पाथर्डीकडे, आमच्या गावी, एका लग्नाला गेलो होतो तेव्हा तिथं पहिल्यांदा काहीतरी उठलं. तांबडी पुळी, मग तिचा फोड, मध्ये काळी खपली. मी पाय फाकवून चालत होतो ते कुणाला कळलं नाही, पण आक्काला कळलं. दगडाबाई, माझी थोरली बहीण. तिनं मला घरात ओढलं, दार लोटलं आणि म्हणाली, ‘दाव.’ मी सत्तरीला आलेला माणूस, तिच्यासमोर विजार वर करून उभा राहिलो. ‘नागीण हाय,’ ती म्हणाली. ‘ल्हान हाय, पर नागीणच. तोंडाला शेपूट मिळू द्यायचं न्हाई.’ तिनं वाटीत गेरू उगाळला आणि बोटानं त्या फोडाभोवती गोल रेघ ओढली. आक्काच्या सासूनं तिला हा गुण दिला होता. आसपासच्या वाड्यांवरून लोक तिच्याकडे येतात. रेघ ओढून झाल्यावर ती म्हणाली, ‘आता कुनाला सांगायचं न्हाई. बायकूला बी न्हाई, डॉक्टरला बी न्हाई. सांगितलं की गुण जातो. तुझा बी जातो नि माझा बी.’

माझा यावर विश्वास नव्हता. मी वाचणारा माणूस आहे. नागीण म्हणजे काय ते मी वाचलेलं आहे. पण फोड बसला. काही महिन्यांनी दुसरा उठला, मी आक्काकडे गेलो, तोही बसला. असं पाच-सहा वेळा तरी झालं असेल. मालनला वाटायचं, म्हातारपणी याला बहिणीची माया आली. ते खोटंही नव्हतं. आमचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे तेव्हा आक्कानं मला गावात राखलं, आणि पुढं ती स्वतः कोयता घेऊन गेली म्हणून मी शाळेत राहिलो. तिचं बोट म्हणजे नुसती गाठ आणि घट्टा, पण गेरूची ओली रेघ ओढताना ते इतकं हलकं व्हायचं की मी डोळे मिटून घ्यायचो. माझ्या वयाच्या माणसाला कोण हात लावतं? डॉक्टर लावतात, पण ते हातमोजे घालून. मला आता वाटतं, फोड बसावा यापेक्षा ती रेघ ओढली जावी म्हणून मी जात होतो. आणि वाटतं की हेसुद्धा मी आत्ताच बनवलेलं असेल.

कारण खरा पेच इथंच होता. दोन आजारांपैकी चांगला कुठला हे मॅडमनी आधी सांगितलं, आणि फोडाचं मला नंतर आठवलं. उलटं झालं असतं तर मी माझ्या आठवणीवर विश्वास ठेवला असता. आता मात्र ती आठवण मला लाच घेतलेल्या साक्षीदारासारखी वाटत होती. ते डाग डासांचेही असू शकतात. फोड पाच-सहा वेळा आला की दोनदाच? प्रत्येक वेळी मांडीवरच होता की एकदा दंडावर? मवाळ आजार मिळावा म्हणून मी माझ्या कातडीला खोटं बोलायला लावत होतो का? आणि ते खोटं असलं, आणि त्यांनी मला हलकी गोळी दिली, आणि आतला आजार दांडगा निघाला तर? भांडारात मी कधी मनानं बिल्ला लिहिला नव्हता. संध्याकाळी चहा घेताना मी मालनला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘माझ्या पायजम्याला कधी लाल डाग पडलेले तुला आठवतात?’ ती म्हणाली, ‘आठवतात म्हणजे? घासून घासून हात गेले. मला वाटायचं तुम्ही मूळव्याध लपवताय. विचारलं तर लाजून मराल म्हणून गप्प बसले.’ इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना लाजवायचं नाही म्हणून कायकाय गप्प बसलो असू. पण गेरूचे डाग पडले होते, हे पक्कं झालं. कुठं, किती, कधी, हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि त्यालाच विचारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं.

रविवारी सकाळी पाथर्डीची एसटी धरली आणि पुढं जीपनं गावात गेलो. पौष संपत आला होता, गाव अर्धं रिकामं होतं. घरोघरी कुलपं, आणि कुलपांच्या शेजारी म्हातारी माणसं. आक्काची मुलं-सुना ऊसतोडीला, कारखान्याला गेली होती. ती ओसरीत सुपात बाजरी घेऊन खडे वेचत होती. तिनं मान वर न करताच मला ओळखलं.

‘गैना? फोन न्हाई, काय न्हाई. परत उठलं का रं?’

‘नाही आक्का.’

‘मग अवधान उतरलं का? मालन म्हनत हुती फोनवर.’

‘ते काढलं. कापून.’

‘कापून?’ तिनं सूप खाली ठेवलं. मी सांगितलं. मी फार वाईट सांगतो. आधी वडीचं सांगितलं, मग नालाचं, मग मध्येच कॅन्सर म्हणालो आणि तिचा चेहरा बघून पुन्हा वडीवर गेलो. शेवटी म्हणालो, ‘ती बाई विचारते, अंगावर काही उठलं होतं का. त्यावर सगळं ठरायचंय. सांगितलं तर कदाचित औषध बदलेल. मी नाही म्हणून आलो.’

खाली ठेवलेल्या सुपातला एक खडा तिनं उचलून बाजूला टाकला. मग तिनं अगदी हळू विचारलं, ‘माझ्या गेरूनं तर न्हाई ना झालं?’

‘नाही.’

‘खरं सांग. तू ल्हानपनापून मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलतो. हाताला भाकर जळकी आली तरी ग्वाड हाय म्हनायचा.’

‘खरंच सांगतो. गेरूनं असलं काही होत नाही.’

‘मग बसायचं कशानं?’

मी बिभीषणसमोर उभा राहायचो तसा उभा राहिलो, फक्त आता उत्तर माझ्याकडे मागितलं जात होतं. आपोआप, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तो शब्द माझ्या तोंडात होता. मी म्हणालो, ‘ते मी विचारून सांगतो.’

‘इचार,’ ती म्हणाली. मग स्वतःशीच, ‘उद्या वैजनाथाच्या सुनंला लावायचं हुतं. लांबून येनार हाय बिचारी.’ ती उठली, आत गेली, आणि वाटी घेऊन आली. वाटीत गेरू होता. ‘दाव.’

‘आक्का, आत्ता काही नाही तिथं.’

‘तुला कुनी इचारलं? दाव म्हनलं ना. ओसरीत नगं लाजू, हितं बघायला हायच कोन, समदी कारखान्याला गेलीत.’ मी विजार वर केली. तिनं माझी मांडी उजेडाकडे वळवली, डोळे बारीक केले, आणि बोट बुडवून एक गोल काढला. ‘हे पयलं. धुरपाच्या लग्नाला आल्तास तवाचं.’ मग जरा वर दुसरा. ‘हे पाडव्याला.’ तिसरा गोल जांघेच्या अगदी जवळ. ‘हे लई दिस बसत नव्हतं, आठीवतं का? मी म्हनलं गैना आता दवाखान्यात जा, तर तूच म्हनला, नगं, तूच लाव.’ मला ते आठवत नव्हतं. ती काढत गेली, आणि प्रत्येक गोलाच्या मध्यभागी, जणू तिनं बोलावल्यावर वर आल्यासारखा, एक फिकट डाग होता. एकही गोल रिकामा पडला नाही. रेघ थंड होती. मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं.

‘आता सांग त्या बाईला,’ ती म्हणाली. ‘माझं नाव नगं सांगू.’ आणि मग लगेच, ‘न्हाई, सांग. नाव बी सांग. कुनी काढलं इचारलं तर काय भुतानं काढलं म्हननार?’ वाटीत उरलेला गेरू तिनं पाणी घालून सैल केला आणि बसल्या बसल्या ओसरीच्या उंबऱ्याला फासून टाकला, पार कोपऱ्यापर्यंत. वाटी पालथी घातली. मी निघालो तेव्हा तो उंबरा ओला होता, म्हणून ती म्हणाली, ‘वलांडून जा, पाय नगं देऊ.’

सोमवारी मी केमोच्या खुर्चीवर बसायच्या आधी मोठ्या डॉक्टरांना म्हणालो की मला ज्ञानेश्वरी मॅडमशी बोलायचंय. इतकं मोठ्यानं म्हणालो की मालन दचकली. मॅडम आल्या. पडद्यामागे मी विजार वर केली आणि सगळं सांगितलं, आक्काचं नाव, नागीण, धुरपाचं लग्न, सांगितलं की गुण जातो, सगळं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या वाकून ते गोल बघत राहिल्या, मी नाल बघत होतो तशाच. ‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘हा तर नकाशा आहे.’ मग त्यांनी परवानगी घेऊन फोटो काढला. मोठे डॉक्टर आले, त्यांनीही बघितलं. पण त्या दिवशी माझ्या हातात सुई गेली नाही.

‘एवढ्यावर भागत नाही मात्र,’ मॅडम नंतर म्हणाल्या. ‘व्रण काही सांगत नाहीत. मला ताजा फोड हवा. त्याचा तुकडा काढला, त्यात हाच नाल आणि हाच तपकिरी रंग दिसला, आणि त्यातल्या पेशी ह्या गाठीतल्या पेशींच्याच कुळातल्या निघाल्या, तर मी छातीठोक लिहीन. कूळ तपासता येतं आता.’ कूळ शब्द ऐकून मला हसू आलं. बिभीषण असता तर त्यानं मॅडमलाही सोडलं नसतं. डॉक्टरांनी होळीपर्यंत थांबायचं ठरवलं. गाठ एकटीच होती आणि ती निघालेली होती, म्हणून थांबता येत होतं. पण होळीपर्यंत काही उठलं नाही, तर ते वाट बघणार नव्हते. मग आजार दांडगाच धरायचा. मी दारापर्यंत गेलो आणि कुलूप बघायला परत यावं तसा परत आलो. ‘मॅडम, ते फोड बसायचे कशानं?’

‘ते आपोआपच बसतात.’

‘हो, पण कशानं?’

त्या बोटानं टेबलावर रेघ ओढायला गेल्या आणि थांबल्या. ‘खरं सांगू? ते अजून कुणालाच धड सांगता येत नाही.’

तेव्हापासून माझी सकाळ मांडीपासून सुरू होते. आन्हिक म्हणावं तसं. उजेड आला की मी खिडकीशी जातो आणि बघतो. जो फोड बसावा म्हणून मी तीन वर्षं एसट्या बदलत हिंडलो, तो उठावा म्हणून मी आता वाट बघतो, आणि यातलं विचित्र मला कळतं. माघ गेला. गोल पुसट झाले, मालननं आंघोळीला साबण लावू दिला नाही तरी पुसट झाले. कधी वाटायचं, सांगितलं म्हणून गेलं. आक्का म्हणत होती तसंच. गुण गेला म्हणजे फोड बसणं बंद होईल अशी माझी समजूत होती, पण फोड उठणंच बंद झालं असेल तर? आणि मग बरं झालं म्हणायचं की वाईट? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. डोळे मिटले की तो गुलाबी सडा दिसायचा, आणि वाटायचं, आत्ता, ह्या घटकेला, त्यातल्या काही नालवाल्या कातडीखाली कुठंतरी उभ्या असतील. त्या गाठीतून कातडीकडे निघाल्यात की कातडीतून गाठीकडे, हे त्यांना तरी माहीत असेल का? मला मरणाची भीती वाटते की नाही हे मी स्वतःला एकदा नीट विचारलं. वाटते. पण कुठल्या नावानं मरणार किंवा जगणार ते कळल्याशिवाय जायचं, ही चुटपुट जास्त होती.

गल्लीत पोरांनी होळीसाठी लाकडं जमवायला सुरुवात केली त्या आठवड्यात एका सकाळी मी खिडकीशी गेलो आणि तिसऱ्या गोलाच्या जागेजवळ, जरा खाली, ज्वारीच्या दाण्याएवढं तांबडं काहीतरी दिसलं. चष्मा पुसला. बोट लावलं. कडक होतं. मी लगेच कुणाला हाक मारली नाही. ते माझं होतं आणि नवीन होतं आणि अजून कुणी त्याला काही म्हटलेलं नव्हतं, आणि तेवढा वेळ मला त्याच्याबरोबर हवा होता. मग मी म्हणालो, ‘मालन, आलं.’

ती पिठाच्या हातानं धावत आली, पाहुणा दारात आल्यासारखी. ‘कुठंय? हे? एवढंसंच?’ तिनं वाकून बघितलं, आणि या वेळी तिनं पदर तोंडाला लावला नाही. ‘डास तर नसेल ना हो?’

‘असेल,’ मी म्हणालो. ‘डासही असेल. मॅडम बघतील.’ मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच या, आज दुपारीच काढू. मग आक्काला लावला. तिकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. तिनं उचलल्यावर मी आधी, इतके दिवस साठवून ठेवलं होतं ते सांगितलं, की फोड कशानं बसायचे ते डॉक्टरांनाही माहीत नाही.

‘त्यास्नी बी ठाव न्हाई?’

‘नाही.’

‘लई बरं झालं,’ ती म्हणाली आणि फोनवर मोकळं हसली. मग मी सांगितलं की आज उठलंय. तिचं हसू थांबलं. पलीकडून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘कुठं?’

‘तिसऱ्याच्या खाली.’

‘गैना, ऐक,’ आक्का म्हणाली. ‘काय लावू नगं त्याला. ऱ्हाऊ दे तसंच.’